आधी राखावी, मग बदलावी

गाडी ‘मॉडिफाय’ करणे म्हणजे काय, असे आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणालाही विचारून पाहावे. उत्तरात सायलेन्सर येतो, रुंद टायर येतात, निळे दिवे येतात, टाकीवर चिकटवायचे चित्रही येते. त्याच विद्यार्थ्याला, चेनला शेवटचे तेल केव्हा घातले, असे विचारले की तो मित्राकडे पाहून हसतो. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे त्याविषयी मला लिहावयाचे आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना भांडायला सोयीचे जाईल. यंत्रात फेरफार करण्याचा अधिकार ते यंत्र राखणाऱ्याचा आहे. राखताना जे ज्ञान मिळते त्यावाचून केलेला फेरफार हा एक तर नुसता शृंगार असतो, नाही तर धोका. आणि पुष्कळदा दोन्ही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मोटारी दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु येथे शिकवायला लागण्यापूर्वी अकरा वर्षे मी इंग्लंडच्या मध्य भागात नोकरीला होतो आणि त्यांतली नऊ वर्षे माझ्याकडे एक लहानशी, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार होती. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १६०० सी.सी.ची. ती जुनी होती, दाराखालच्या उंबऱ्यांना गंज दिसत होता, म्हणूनच मला परवडली. तिच्याखाली पाठीवर पडून जे पाहिले त्यावर हा लेख उभा आहे.

हलकी स्पोर्ट्स कार ही काय चीज आहे, हे थोडे सांगायला हवे. कारण आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हटले की सिनेनटाच्या दारातली कोट्यवधी रुपयांची गाडी डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये तिची परंपरा अगदी वेगळी, मध्यमवर्गीयांची आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन या अभियंत्याच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे साधे इंजिन, आणि बसायला दोघांपुरती जागा. एवढीच ती गाडी. दारे धड नाहीत, टप नावाला. तयार गाडीवर त्या काळी तिथे खरेदी कर होता. सुट्या भागांच्या स्वरूपात घेतली तर तो चुकत असे. म्हणून पुष्कळ लोक खोक्यांतून गाडी घरी आणीत आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये जुळवीत. जुळणीच्या सूचना सोबत दिल्या तर सवलत जाईल, म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात असे सुचवले, अशी एक हकीकत तिथले शौकीन मोठ्या चवीने सांगतात. १९७३ साली कराची पद्धत बदलली आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती कंपनी आजही तिचाच वंश चालवते आहे.

चॅपमनच्या नावावर एक सूत्र सांगितले जाते, त्याचा आशय असा, की आधी यंत्र साधे करावे आणि मग ते हलके करावे. १९६२ सालची त्याची ‘एलान’ ही फायबरग्लासच्या अंगाची गाडी जेमतेम सातशे किलोच्या आसपास होती. तिचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून माझदाने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मांडली. लोटसची गाडी चालवायला सुंदर, पण सांभाळायला त्रासदायक, अशी ख्याती होती. जपान्यांनी तीच कल्पना रोज सकाळी चालू होणाऱ्या गाडीत उतरवली. २०१६ साली तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन माणसांच्या, उघड्या, सामान ठेवायला जेमतेम जागा असलेल्या गाडीला एवढे गिऱ्हाईक मिळावे, हे नवल वाटण्यासारखे आहे.

या नवलाचे उत्तर वजनात आहे, आणि तेथे माझा विषय मला उपयोगी पडतो. माझी गाडी सुमारे ९५० किलोची आणि ११५ अश्वशक्तीच्या आसपासची. १५०० किलोची आणि १८० अश्वशक्तीची दुसरी एखादी गाडी घ्या. दर अश्वशक्तीमागे वजन दोन्हीकडे जवळपास सारखेच पडते, आठ किलोंच्या किंचित वर. म्हणजे सरळ रस्त्यावर दोघी सारख्याच धावतील. पण ताशी १०० किलोमीटर वेगात असताना ब्रेक दाबावा लागला, तर हलक्या गाडीच्या ब्रेकना सुमारे ३६७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते आणि जड गाडीच्या ब्रेकना सुमारे ५७९. इंजिन मोठे केले म्हणून ही बेरीज चुकत नाही. वळणाचे तसेच. घर्षण भाराच्या प्रमाणात असते असे आपण अकरावीत शिकवतो, पण टायरचे रबर तो नियम पुरता पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. म्हणून हलकी गाडी वळणावर कमी टायरमध्ये जास्त काम करते. हलकेपणा एकदा मिळवला की तो इंजिनाला, ब्रेकना, टायरांना, स्प्रिंगांना आणि पेट्रोलच्या खर्चाला एकदम उपयोगी पडतो. अश्वशक्ती वाढवली तर ती फक्त एका ठिकाणी उपयोगी पडते आणि उरलेल्या सगळ्यांवर भार टाकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तिच्यावर बराच खर्च केला होता. मोठ्या आवाजाचा चकचकीत एक्झॉस्ट होता, गाडी बुटकी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा होत्या, मूळची १४ इंची हलकी चाके काढून १७ इंची बसवली होती. आणि टपाच्या मुळाशी, दोन्ही आसनांच्या मागे, पावसाचे पाणी खाली सोडणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात त्या झाडाच्या पानांनी व मातीने गच्च भरलेल्या होत्या.

या नळ्यांची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण राखणे म्हणजे काय ते तीतून कळते. टपावरचे पाणी घरंगळत एका पन्हळीत येते, तेथून या नळ्यांत शिरते आणि गाडीच्या खाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, जमिनीवर पडते. नळी तुंबली की पाणी पन्हळीतून उतू जाते आणि दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात साचते. तेथे ते कोणाला दिसत नाही. रंग वरून चकचकीत असतो, आणि पत्रा आतून सडत असतो. इंग्लंडमध्ये थंडीत बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते या कामाला हातभार लावते. एक दिवस जॅक लावावा आणि तो पत्र्यातून वर शिरावा, असा या गाड्यांचा शेवट होतो. आणि हा उंबरा नुसता शोभेचा नसतो. वर छप्पर नसलेल्या गाडीचा ताठपणा बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असतो. तो गेला की गाडी खड्ड्यात पिळवटते.

यावर उपाय काय? वर्षातून दोनदा त्या नळीत एक लवचीक, जाडसर नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालायची आणि मागून लोटाभर पाणी ओतायचे. पाणी खाली पडलेले डोळ्यांनी पाहायचे. कडक तार घालायची नाही, कारण तिने नळीलाच भोक पडते. या कामाला दहा मिनिटे लागतात, खर्च शून्य, आणि कोणी पाहत नसल्यामुळे कौतुकही शून्य. ज्याने एक्झॉस्टवर पैसे उधळले त्याला ही दहा मिनिटे मिळाली नाहीत. तिथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दर वर्षी सरकारमान्य तपासणी होते. पहिल्याच तपासणीत माझी गाडी उंबऱ्यांवर नापास झाली. ते मला अपेक्षित होते आणि वेल्डिंगची रक्कम मी गाडीच्या किमतीतून आधीच कापून घेतली होती. जुने सडके पत्रे कापून काढताना आतून ओल्या मातीचे ढेकूळ निघाले. एक्झॉस्ट मात्र उत्तम स्थितीत होता.

दुसरे उदाहरण इंजिनाचे. या १६०० सी.सी. इंजिनाचा टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरनी बदलावा असा नियम. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, ही रचनाकाराची मेहेरबानी. पण बेल्ट बदलताना क्रँकशाफ्टच्या टोकाचा मोठा बोल्ट काढावा लागतो. १९९१ पर्यंतच्या आरंभीच्या इंजिनांत हे टोक जरा आखूड होते. बोल्ट परत घट्ट करताना तो सांगितलेल्या मापाने, टॉर्क रेंच लावून आवळला नाही, तर तेथली चावी खाचेत किंचित हलू लागते. किंचित हलणारी चावी हजारो फेऱ्यांनंतर पोलादही खाते, आणि मग चांगल्या इंजिनाचा अख्खा क्रँकशाफ्ट निकामी होतो. म्हणजे येथे इंजिनाचा घात दुर्लक्षाने होत नाही, अर्धवट काळजीने होतो. ‘हाताच्या अंदाजाने आवळले’ हे वाक्य आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये अभिमानाने बोलले जाते. काही मिस्त्र्यांचा हात खरोखरच तसा तयार असतो, हे मी मान्य करतो. पण ज्याचा तो तयार नाही त्याने मापाचे हत्यार वापरावे, यात कमीपणा कसला? प्रयोगशाळेत आपण व्हर्निअर कॅलिपर वापरतोच ना!

राखणारा माणूस यंत्राची भाषा शिकतो. सकाळी इंजिन चालू केल्यावर वरून टिक्-टिक् असा आवाज येऊ लागला की तेल जुने झाले आणि हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत नीट पोचत नाही, हे त्याला कळते. क्लचचे पेडल जरा खोल जाऊ लागले की स्लेव्ह सिलिंडर गळू लागला असावा, असे तो ओळखतो. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते. कोरडे असताना निदान २३० अंश सेल्सिअसला उकळणारे डॉट-४ प्रतीचे ऑइल पाणी शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मग घाट उतरताना पेडल स्पंजासारखे होते. हे ज्याला ठाऊक असते तो दर दोन वर्षांनी ते बदलतो, आणि आंबोलीच्या घाटात त्याच्या मागे बसलेल्या माणसाला त्याचे आभार मानायचे कारणही कळत नाही.

मग फेरफार करूच नयेत काय? माझे तसे मुळीच म्हणणे नाही. मी स्वतः केले. पण ते कोणत्या क्रमाने करावेत याचा एक शहाणा क्रम तिथल्या जुन्या मालकांकडून मी शिकलो. आधी टायर, कारण रस्त्याशी गाडीचा संबंध तेवढाच. मग ब्रेकचे पॅड व ऑइल. मग झिजलेले रबरी बुश आणि शॉकअब्सॉर्बर, आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट. इंजिन सर्वांत शेवटी. गंमत अशी, की पहिल्या चार गोष्टी करून झाल्या की पाचवीची गरज फार थोड्यांना उरते. झिजलेले बुश बदलल्यावर मला गाडी नवीच वाटू लागली. त्यात सुधारणा अशी काहीच नव्हती, तीस वर्षांपूर्वी कारखान्याने दिलेले तेवढे परत मिळाले होते. मी आखूड स्प्रिंगा काढून मूळ उंचीच्या घातल्या आणि १७ इंची चाके विकून १४ इंची परत आणली. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खालचे असते. ते जितके जास्त, तितके चाक खड्ड्यातून वर आल्यावर रस्त्याला पुन्हा टेकायला उशीर लावते. म्हणजे मोठी चाके गाडीला शोभा देतात आणि तिच्या पायांतले त्राण काढून घेतात. माझ्या फेरफारांपैकी निम्मे हे असे दुसऱ्याचे फेरफार काढण्याचेच होते.

समजून केलेला फेरफार कसा असतो, त्याचेही एक उदाहरण देतो. माझदाने हे इंजिन मूळचे एका पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरगुती गाडीसाठी केले होते; तिथे ते आडवे बसते. स्पोर्ट्स कारमध्ये ते उभे बसवले तेव्हा गरम पाणी बाहेर पडण्याचे तोंड पुढच्या बाजूला आणावे लागले. पंप पुढे आणि बाहेरचे तोंडही पुढे, त्यामुळे पाण्याचा ओघ मागच्या चौथ्या सिलिंडरपर्यंत तुलनेने कमी पोचतो. रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही. परंतु शर्यतीच्या मैदानावर किंवा टर्बो बसवलेल्या इंजिनात तो सिलिंडर तापतो. म्हणून काही मालक पाण्याची वाट बदलून ती इंजिनाच्या मागच्या टोकाने काढतात. हा फेरफार बाहेरून दिसतही नाही. तो करणाऱ्याला इंजिनाचा जन्म ठाऊक असतो, पाणी कोठून कोठे जाते ते ठाऊक असते, आणि आपल्याला त्याची गरज आहे की नाही हेही ठाऊक असते. मला गरज नव्हती, म्हणून मी तो केला नाही. टर्बो बसवणाऱ्याला मात्र येथे थांबता येत नाही. शक्ती वाढली की क्लच घसरतो, क्लच बदलला की भार गिअरबॉक्सवर येतो, मग डिफरन्शिअल, मग ब्रेक, मग रेडिएटर. एक धागा ओढला की सगळे लुगडे उसवते, तसे हे आहे. ज्याला शेवटपर्यंत जाण्याची बुद्धी, वेळ आणि पैसा आहे त्याने खुशाल जावे.

हलकेपणाचीही आंधळी भक्ती नको. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या वेगवान होत्या, तशा नाजूकही होत्या, आणि त्याबद्दल त्याचा चालक योखेन रिंट त्याच्याकडे तक्रार करीत असे. १९७० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मोंझा येथे सरावात रिंटच्या लोटसला अपघात होऊन तो मरण पावला. पुढच्या चाकाचा ब्रेक-शाफ्ट तुटण्यापासून त्या अपघाताचा आरंभ झाला, असे मानले जाते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले, असे मिळालेला तो एकटाच. कोठून किती वजन काढावे याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा हिशेबाने व तपासणीने कळते, हौसेने कळत नाही. आपल्याकडे मोटरसायकलचा मडगार्ड कापणारा, आरसे काढून टाकणारा मुलगाही आपण वजन कमी केले असेच म्हणतो. त्याने काढलेले वजन पाच-सहाशे ग्रॅम, आणि मागून येणारा ट्रक दिसण्याची सोय गेली.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा येईल, की हा श्रीमंतांचा खेळ आहे. खानापूरहून बसने येणाऱ्या विद्यार्थ्याला स्पोर्ट्स कारशी काय कर्तव्य? आक्षेप योग्य आहे, पण तो गाडीला लागू पडतो, माझ्या मताला नव्हे. नळी तुंबणे, बोल्ट मापाने आवळणे, तेलाचा आवाज ओळखणे हे सगळे घरच्या मोटरसायकलला, शेतावरच्या पंपाला आणि आईच्या शिलाई यंत्रालाही तितकेच लागू आहे. हलक्या, साध्या यंत्राचा गुण हाच, की ते उघडून पाहता येते. आपल्या पिढीला तसे यंत्र १९८३ साली मारुती ८०० च्या रूपाने मिळाले होते. साडेसहाशे किलोंच्या आसपासची, तीन सिलिंडरांची ती गाडी कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होत असे. तिला कोणी स्पोर्ट्स कार म्हटले नाही, पण गुण त्याच जातीचा.

दुसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच लावले. तेव्हा फेरफारांची चर्चाच कशाला? मला वाटते, हा कायदा कडक होण्याला आपलाच हातभार लागला आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो आणि मनातून बरे वाटते. कारण रात्री साडेअकराला दवाखान्यासमोरून फटफटत जाणारा तो आवाज आपण ऐकलेला असतो. इंग्लंडमध्ये पुष्कळ फेरफार चालतात, पण विमा कंपनीला कळवावे लागतात आणि दर वर्षी तपासणीला सामोरे जावे लागते. स्वातंत्र्य आणि जाब हे तिथे एकाच दावणीला बांधलेले आहेत. आपल्याकडे जाब देण्याची तयारी नसलेल्यांनी स्वातंत्र्याची मागणीच बदनाम करून ठेवली. अपंग व्यक्तीसाठी गाडी सोयीची करून घेणे यांसारख्या काही बाबींना कायद्यात परवानगीची वाट आहे. ती वाट रुंद व्हावी असे वाटत असेल, तर आपण जबाबदार मालक आहोत हे आधी दाखवावे लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नव्या गाड्या उघडताच येत नाहीत. बॉनेटखाली प्लॅस्टिकचे झाकण, त्याखाली संगणक, आणि दोष शोधायला कंपनीचेच यंत्र. मग राखायचे तरी काय? येथे प्रश्न एका हौसेचा राहत नाही. आपण घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, असा तो होतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही तिची प्रमुख क्षेत्रे ठरवली, ही स्वागत करण्यासारखी गोष्ट आहे. पण हक्क कागदावर मिळाला आणि पाना धरता येणारा हात उरला नाही, तर तो हक्क वापरणार कोण? उलट राखणारे पुरेसे असले तर कारखानदारालाही ऐकावे लागते. ब्रिटनमध्ये एमजीबी या गाडीचे उत्पादन १९८० साली बंद झाले होते. पण मालकांनी त्या गाड्या टाकल्या नाहीत, म्हणून १९८८ पासून तिच्या अंगाचे नवे सांगाडे जुन्याच साच्यांवर पुन्हा तयार होऊ लागले. माझदानेही पहिल्या एमएक्स-५ साठी जपानमध्ये पुनरुज्जीवनाची योजना २०१७ साली जाहीर केली आणि तिचे बंद पडलेले काही सुटे भाग पुन्हा काढले.

हे सगळे बेळगावात बसून लिहिताना एक आठवण ठेवली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते, आणि किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ याच गावात, १८८८ साली, सायकलच्या दुकानाने झाला. सायकली विकणे, दुरुस्त करणे, यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी दुसऱ्याने केलेले यंत्र राखले, मग त्यात काय कमी आहे ते कळले, मग स्वतःचे केले. हा क्रम आपल्याच मातीत सिद्ध झालेला आहे. आजही उद्यमबागेतल्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराला हजारांश इंचाची किंमत कळते. आपल्या कॉलेजपासून तो किती लांब आहे? रिक्षाने वीस मिनिटे. तरीसुद्धा आपले विद्यार्थी टॉर्कचे सूत्र फळ्यावर बिनचूक लिहितात आणि टॉर्क रेंच हातात दिला तर तो कोणत्या टोकाने धरायचा ते विचारतात. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा अधिक.

म्हणून केवळ उपदेश करून न थांबता एक सूचना करतो. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये भंगारातून आणलेले एखादे जुने इंजिन, मारुतीचे किंवा स्कूटरचे, ठेवावे. शनिवारी दुपारी ज्याला हवे त्याने, मग तो कला शाखेचा असो की वाणिज्य, मुलगा असो की मुलगी, मराठी विभागात लिहिणारा असो की कन्नड, यावे आणि ते सोडवून परत जुळवावे. उद्यमबागेतल्या एखाद्या निवृत्त फिटरला गुरू म्हणून बोलवावे आणि त्यांना मानधन द्यावे. ‘पाना’ आणि ‘स्पॅनर’ यांवरून तेथे भाषेचे भांडण होणार नाही, याची मी खात्री देतो. तेलाने काळे झालेले हात सगळ्यांचे सारखेच दिसतात. आणि ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्यांनी एक वही घालावी. तेल केव्हा बदलले, ब्रेक केव्हा पाहिले, कोणता बोल्ट काढला, काय आवाज येत होता, असे तारीखवार लिहावे. वर्षभर वही भरली की मग सायलेन्सरचा विचार करावा.

माझा असा अंदाज आहे, की तोपर्यंत तो विचार बऱ्याच जणांच्या मनातून गेलेला असेल. ज्यांच्या मनात तो उरेल, ते जो बदल करतील तो नीट करतील, आणि कोणी विचारले तर का केला हे सांगू शकतील. तेवढे झाले तरी आपले पार्किंग अधिक शांत होईल आणि आपल्या गावाला पुन्हा दोन-चार चांगले यंत्रज्ञ मिळतील.